मुंबई ‘नाकावर’ उभा राहिलेला माणूस: हिंदी बोलणाऱ्याला मराठी कशी शिकवायची

‘तीस दिवसांत मराठी’ टाइपची पुस्तकं घेऊन लोक येतात तेव्हा मी पहिलं ते पुस्तक पिशवीत परत ठेवायला लावते. पहिल्याच पानावर ‘राम शाळेत जातो’. आता जो पोरगा अंबडला सेकंड शिफ्ट करून रात्री अकराला खोलीवर येतो त्याला राम शाळेत गेला काय आणि नाही गेला काय.

मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि गेली अकरा वर्षं संध्याकाळी गॅलरीत चटई टाकून मराठी शिकवते. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला आलेली यूपी-बिहारकडची मुलं, त्यांच्या बायका, मधेच देवळाली कॅम्पातल्या कुणाची तरी मिसेस, असे लोक. तुम्हाला शेजारच्या भाभींना, दुकानातल्या पोराला किंवा घरात नवीन आलेल्या हिंदीभाषक सुनेला मराठी शिकवायची असेल तर हे वाचा, बीएड वगैरे काही लागत नाही.

अक्षरं शिकवू नका, हिंदीवाल्याला देवनागरी येतेच. फक्त ‘ळ’ घोटून घ्या, आणि ‘चार’ व ‘चारा’ मोठ्याने म्हणून दाखवा म्हणजे आपले दोन वेगळे च त्याच्या कानावर पडतील, जिभेवर नंतर येतील.

मग पहिले पंधरा दिवस फक्त तयार वाक्यं. चालेल, नको, पाहिजे, थांबा जरा, केवढ्याला दिलं, सुट्टे नाहीत, मला समजलं नाही परत सांगा. ‘चालेल’ या एका शब्दावर माणूस महिनाभर नाशकात निभावतो, खोटं नाही सांगत. आणि ‘आप’चं मराठी ‘तुम्ही’, ‘आपण’ नाही, हे आत्ताच सांगून टाका. नाहीतर तो सोसायटीच्या सेक्रेटरीला “आपण कुठे चाललो” विचारतो आणि सेक्रेटरी म्हणतो मी कुठे तुझ्यासोबत चाललोय.

तिसरी पायरी शिकणाऱ्याची नाही, आपली आहे. त्याच्याशी हिंदी बोलणं बंद करा. समोरचा अडखळला की आपण मराठी माणसं अर्ध्या सेकंदात हिंदीवर उडी मारतो आणि वर म्हणतो हे लोक मराठी शिकत नाहीत. कुसुमाग्रजांचं गाव आपलं, २७ फेब्रुवारीला सगळ्यांच्या स्टेटसला मराठी भाषा गौरव दिन, २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तर पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याला “भैया, शालिमार का कितना लोगे”. तो रिक्षावाला सिन्नरचा असतो हो! तर भाजीवाली, किराणावाला, वॉचमन, खालच्या मजल्यावरचे काका अशा चार-पाच जणांना स्वतः जाऊन सांगा की याच्याशी मराठीतच बोला, चुकला तर चुकू द्या. मी दर नवीन विद्यार्थ्यासाठी हा फेरा मारते. लाज वाटत नाही आता.

इथपर्यंत कुणालाही जमतं. खरी गंमत पुढे आहे आणि माझी पहिली तीन वर्षं तिथेच वाया गेली.

प्रकार असा की ‘रस्ता’ला ‘वर’ जोडला की ‘रस्तावर’ होत नाही, ‘रस्त्यावर’ होतं. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, शाळेत सामान्यरूप म्हणून दोन मार्काला येतं आणि आपण विसरतो. पण बाहेरच्या माणसाचं अख्खं मराठी इथे अडकतं, कारण प्रत्येक वाक्यात ला, त, वर, चा, हून काहीतरी लागतंच. मी काय केलं, तर सरळ विभक्तीचा तक्ता दिला. स ला ते, स ला ना ते. माझा एक विद्यार्थी, वेल्डर होता, तो तर तक्ता चालीवर म्हणायचा, आरतीसारखा. आणि बोलताना रस्तेवर, कांदेचा, गंगावर. मी चिडून सांगितलं की बाबा ए नाही लावायचा, ‘घर’चं ‘घरा’ होतं ना, तसा शेवटी आ आला पाहिजे. त्याने मान डोलवली. दोन दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन, “ताई, मी मुंबई नाकावर उभा आहे.” मी इतकी हसले की फोन ठेवावा लागला. मुंबई नाका हा आमच्या नाशकातला चौक, आणि हा मुंबईच्या नाकावर! पण चूक त्याची नव्हती, मी दिलेला नियम त्याने इमानदारीत लावला होता. ‘नाका’च्या शेवटी आ आहेच की. नाक–नाकावर आणि नाका–नाक्यावर यातला फरक मी कधी सांगितलाच नव्हता.

मग डोक्यात प्रकाश पडला. हिंदीतसुद्धा हे बदल आहेत, फक्त आपल्यापेक्षा उलटे. त्यांच्याकडे पुल्लिंगी आ चा ए होतो, नाके पर, रास्ते पर, आणि स्त्रीलिंगी आ तसाच राहतो, गंगा पर. आपल्याकडे पुल्लिंगी आ चा या होतो, नाक्यावर, रस्त्यावर, आणि ए होतो तो स्त्रीलिंगीचा, गंगेवर, शाळेत. म्हणजे जिथे त्याची जीभ ए लावायला जाते तिथे आपण लावत नाही आणि जिथे तो काहीच करत नाही तिथे आपण लावतो. त्यात त्यांच्याकडे लिंगं दोन, आपल्याकडे तीन. हे एकदा, फक्त एकदाच, त्याला समजावून सांगा. परत परत सांगू नका, समजल्याने बोलता येत नाही.

बोलता कशाने येतं ते मला त्या वेल्डरच्या सहा वर्षांच्या पोरीने दाखवलं. ती इथल्याच बालवाडीत जाऊन खडखड मराठी बोलायची. मी विचारलं काल कुठे गेली होतीस, तर “गंगेवर”. म्हटलं गंगा म्हणजे काय गं, तर माझ्याकडे बघत बसली. आपल्याकडे गोदावरीला सगळेच गंगा म्हणतात, पण तिने तो शब्द सुटा ऐकलाच नव्हता बहुतेक, तिच्यासाठी ‘गंगेवर’ हा एकच अखंड शब्द होता. बापाला मी शब्द वेगळा आणि प्रत्यय वेगळा देऊन जोडकाम करायला लावत होते, वेल्डिंगच ते पण.

तेव्हापासून माझा नियम ठरला: मराठी नाम एकटं शिकवायचं नाही. कधीच नाही. जोडीनेच द्यायचं. रस्ता–रस्त्यावर, डबा–डब्यात, शाळा–शाळेत, भिंत–भिंतीवर, वाट–वाटेत, पाणी–पाण्यात, भाऊ–भावाला, माणूस–माणसाला. वहीत एकटा शब्द लिहिलेला दिसला की मी खोडते. जोडी पाठ झाली की लिंगही अर्धंअधिक आपोआप येतं, वेगळं घोकावं लागत नाही.

आणि या जोड्या आणायच्या कुठून, तर त्याच्या रोजच्या रस्त्यातून. आपलं गाव त्यासाठी अगदी सोन्यासारखं आहे. मुंबई नाक्यावर, रविवार कारंज्यावर, अशोक स्तंभावर, रामकुंडावर, तपोवनात, भद्रकालीत, पंचवटीत, निमाणीला, गंगेवर. शिफ्टला जाता-येता बसमधून जे दिसेल ते मनात जोडीने म्हणायचं. गावाचं नावसुद्धा घ्या, नाशिक–नाशकात. हल्लीची पोरं नाशिकमध्ये म्हणतात, तेही चालतं, पण म्हाताऱ्यांचं नाशकात कानाला ओळखीचं पाहिजे. खाण्यातून घ्या, मिसळ–मिसळीत, कांदा–कांद्याचा.

कार्डं करा. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून होतात. एका बाजूला ‘नाके पर’, दुसऱ्या बाजूला ‘नाका–नाक्यावर’. तीन डबे घ्या, माझे फरसाणाचे आहेत. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्या डब्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. ही युक्ती माझी नाही, सेबास्टियन लाइटनर नावाच्या माणसाने १९७२ मध्ये लिहून ठेवलीय, मोबाईलवरची कार्डांची अ‍ॅप्सही तशाच कल्पनेवर चालतात. मला स्वतःला कागद बरा वाटतो कारण मोबाईल हातात घेतला की रील सुरू होतं. दिवसाला पाचच जोड्या. जोशात कुणी वीस मागतं, देऊ नका.

एक चोरवाट आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. हुशार विद्यार्थ्याला कळतं की इंग्रजी शब्दाला नुसतं ‘मध्ये’ लावून भागतं, बसमध्ये, बँकमध्ये, मग तो सगळीकडेच तसं करतो, घरमध्ये, रस्तामध्ये, डबामध्ये. ऐकणाऱ्याला समजतं म्हणून कुणी टोकत नाही आणि ही सवय एकदा बसली की जन्मात निघत नाही. मी दोन महिने ‘मध्ये’ला बंदीच घालते. ‘त’ म्हण, ‘घरात’ म्हण.

चूक सुधारताना वाक्य तोडू नका. तो म्हणाला “मी नाकेवर थांबतो”, तर तुम्ही “बरं, नाक्यावर थांब, मी आलेच” म्हणायचं आणि पुढे जायचं. एका संध्याकाळी एकाच प्रकारची चूक पकडायची, बाकीच्या सोडून द्यायच्या, जीव कितीही तळमळला तरी. हे मला अजून जड जातं.

दोन गोष्टी मात्र फुकट मिळतात. काका, मामा, दादा यांचं काही होत नाही, काकाला, मामाला, आणि हिंदीतही चाचा को तसंच असतं. विशेषणाचं तर आणखी सोपं, लिंग कुठलंही असो, मोठ्या रस्त्यावर, मोठ्या भिंतीवर, मोठ्या घरात, सगळीकडे मोठ्याच. हे सांगितलं की चेहरे खुलतात.

बाकी भूतकाळ, ‘मैंने’ला नुसतं ‘मी’, आम्ही आणि आपण, हे सगळं पुढच्या दोन-तीन महिन्यांत बोलता बोलता बसतं, त्यासाठी वेगळे क्लास घेऊ नका.

शिकवणी कधी थांबवायची तेवढं सांगते. मी निमाणीला उभी राहून फोन करते आणि म्हणते तुझ्या घरी यायचंय, रस्ता सांग. फोनवर हातवारे चालत नाहीत, चेहरा दिसत नाही, सगळं शब्दांनीच सांगावं लागतं. चौकातून डावीकडे, मंदिराच्या मागे, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मी खरंच पोचले तर त्या दिवसापासून फी बंद. मागच्या महिन्यात एकीने असंच मला दारापर्यंत बरोबर आणलं, आणि मी आत पाय टाकणार तोच, “ताई, चपला बाहेरच काढा, आत्ताच पुसलंय.”