वय झालंय का आजार आहे? घरातलं छोटं कुत्रं आणि घरातली म्हातारी माणसं

आमच्या घरात सध्या दोन म्हातारे आहेत, आण्णा ७४ चे आणि आमचा पामेरियन गुंड्या १२ चा, दोघं रोज संध्याकाळी रंकाळ्यावर जातात आणि आता दोघं पण निम्म्यातनंच कट्ट्यावर टेकतात. कुणाचं काय पण बिघडलं की घरात एकच उत्तर, वय झालंय. ह्याच उत्तरापायी गुंड्याचा खोकला आम्ही दोन महिने अंगावर काढला, म्हणून हे लिहितोय.

आधी हिशोब. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे डोक्यातनं काढा. पहिल्या वर्षात ते साधारण १५ वर्षांच्या पोराएवढं होतं, दुसऱ्यात २४, आणि तिथनं पुढं छोट्या जातीत वर्षाला चार-पाच धरा. म्हणजे गुंड्या आण्णांच्याच पंगतीचा.

तोंडावरचे पांढरे केस, जास्त झोप, हे चालायचंच. डोळ्यात निळसर झाक आली तरी लगेच घाबरू नका, वयानं भिंग घट्ट होतं, दिसतं त्याला बऱ्यापैकी. पण बुबुळ दुधासारखं पांढरं दिसायला लागलं किंवा ते दाराला धडकायला लागलं तर दाखवा.

कानाचं बघायला मागं उभं राहून बिस्किटाचा पुडा वाजवा, टाळी नको, तिचा वारा पण कळतो त्याला. माणसात आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणून आण्णांना नातीचं बोलणं कळत नाही आणि आम्हाला वाटतं मुद्दाम करतात.

आता खोकला. छोट्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची झडप नीट मिटत नाही हे लई कॉमन आहे. गाढ झोपल्यावर छाती एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास, असे मिनिटभर मोजा, सारखे ३० च्या वर जायला लागले तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडं. गळ्यातला पट्टा काढून छातीचा घाला, श्वासनळीवर दाब येत नाही.

पाण्याचं दोघांचं उलटं असतं. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी कळते, मागं लागून पाजावं लागतं. कुत्रं मात्र अचानक जास्त प्यायला लागलं तर किडनी नाहीतर शुगर असू शकते. सकाळी मोजून पाणी ठेवा, किलोमागं दिवसाला १०० मिलीच्या वर जात असेल, म्हणजे चार किलोच्या कुत्र्याला ४०० मिली, तर रक्त तपासा.

तोंडाचा वास हे वय नाही, हिरड्या खराब झालेल्या असतात. आणि रस्स्यातली हाडं बंद, शिजलेलं हाड मोडून टोचतं, वर त्यात कांदा-लसूण, तो पण कुत्र्याला बाधतो. माणसाची दुखण्याची गोळी तर अजिबात नको, आयब्युप्रोफेनसारखी गोळी छोट्या कुत्र्याच्या जिवावर बेतते.

रात्री घरभर फिरणं, कोपऱ्यात अडकून बसणं, ठरलेली जागा सोडून मुतणं, हे कुत्र्याच्या विसरभोळेपणाचं पण लक्षण असतं. माणूस ओळखीची वाट चुकायला लागला तर तसंच, हसण्यावारी नेऊ नका.

माणसाच्या पायातली ताकद बघायला हात छातीशी धरून खुर्चीतनं पाच वेळा उठायला सांगा, १५ सेकंदांच्या वर लागले तर ताकद कमी झालीय.

गुंड्याची हृदयाची गोळी चालू आहे, खोकला कमी आहे. आण्णांनी खुर्चीची टेस्ट अजून दिली नाही, म्हणतात आधी कुत्र्याची घ्या.