दीर्घिकेच्या कडेचे तारे अभ्यासताना या चुका टाळा

सर्पिल दीर्घिकेच्या केंद्राकडून बाहेर जाऊ लागलं की तबकडीचा रंग निळसर होत जातो. म्हणून 'कडेला सगळे तरुण तारे' असं ठरवून मोकळं होऊ नका. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका बघा. हबल अवकाश दुर्बिणीने तिथले तारे एकेक करून मोजता येतील इतके सुटे दाखवले. केंद्रापासून साधारण ८ किलोपार्सेकपर्यंत (सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं) ताऱ्यांचं सरासरी वय घटत जातं. तिथंच तबकडीचा प्रकाश एकदम झपाट्याने उतरू लागतो आणि त्या टप्प्यापलीकडे वय पुन्हा चढतं!

याचं मला सर्वांत पटणारं कारण म्हणजे ताऱ्यांचं स्थलांतर. सर्पिल फाट्यांच्या ओढीने तारे हळूहळू बाहेर सरकतात, तरी त्यांच्या कक्षा बऱ्याच अंशी वर्तुळाकारच राहतात. जितका तारा जुना, तितका त्याला प्रवासाला वेळ जास्त. म्हणून कडेच्या ताऱ्याची धातुता (हायड्रोजन-हेलियमहून जड मूलद्रव्यांचं प्रमाण) पाहून 'इथला वायू असा होता' असं म्हणू नका. तो तारा तिथला नसेलही.

नुसत्या रंगावरून वय काढणं तर टाळाच. वय वाढलं तरी तारे लालसर दिसतात आणि धातू वाढले तरीही. जवळच्या दीर्घिकेत सुट्या ताऱ्यांचा रंग-प्रत आलेख काढा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितका प्रकाश मंद). लांबच्या दीर्घिकेसाठी वर्णपट हवाच.

खरा घात होतो तो आकाश वजा करताना. अंधाऱ्या जागीही आकाशाची प्रत दर चौरस आर्कसेकंदाला २२ च्या आसपास असते, बाहेरच्या तबकडीची २७ किंवा २८. म्हणजे तिचा प्रकाश आकाशाच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. आकाश मोजण्यात एक टक्का चुकलात, तर कड नाहीशी होते किंवा नसलेली उगवते. त्यात दुर्बिणीत विखुरलेला केंद्राचा प्रकाश बाहेर पसरून खोटं तेजोवलय तयार करतो. आकाश दीर्घिकेपासून पुरेसं लांब मोजा. तेजस्वी ताऱ्याची प्रतिमा किती दूरवर पसरते, तेही तपासा.

हायड्रोजन-अल्फाची (तप्त हायड्रोजन वायूच्या लाल प्रकाशाची) चमक संपली म्हणजे तारे जन्मणं थांबलं, असंही नाही. ती चमक फक्त काही दशलक्ष वर्षं जगणाऱ्या अवजड ताऱ्यांमुळे असते. तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश सुमारे १०० दशलक्ष वर्षं टिकतो. २००५ मध्ये गॅलेक्स या अतिनील अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत एम ८३ दीर्घिकेभोवती असेच तरुण तारकापुंज खूप दूरवर सापडले. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची अतिनील दुर्बीण तर गॅलेक्सपेक्षाही बारीक तपशील दाखवते.