तोड झाली की काडी लावू नका: खोडव्याच्या पाचटाबद्दल हंगामी सल्ला

कारखान्यांची धुराडी पेटली, टोळ्या फडात उतरल्या आणि तोड झालेल्या फडांतून संध्याकाळी धूरही निघू लागला. दर हंगामात हेच होतं. ज्या शेतकऱ्याने वर्षभर खतासाठी दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या, तोच शेतकरी तोड संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पाचटाला, म्हणजे फडात मागे राहिलेल्या वाळल्या पाल्याला, काडी लावतो. त्याच जमिनीत पुढे खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) विरळ फुटतो, मार्च-एप्रिलच्या उन्हात पाण्याची एक पाळी चुकली तरी माना टाकतो, आणि मग दोष बियाण्याला किंवा पावसाला जातो. म्हणून या सल्ल्यात बाकीची कामं नुसती मांडून ठेवली आहेत. सविस्तर लिहिलं आहे ते पाचटावर.

आधी हिशोब बघा. एक हेक्टर ऊस तुटला की साधारण ८ ते १० टन पाचट मागे राहतं, म्हणजे एकरी सव्वातीन ते चार टन. त्यात नत्र ०.४२ ते ०.५० टक्के, स्फुरद ०.१७ ते ०.२० टक्के, पालाश ०.९० ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन) ३२ ते ४० टक्के असतो. चार टनांचा गुणाकार केला तर एकरी १७ ते २० किलो नत्र, ७-८ किलो स्फुरद, ३६ ते ४० किलो पालाश आणि तेराशे ते सोळाशे किलो कर्ब होतो. एवढा माल तुमच्या रानात फुकट पडलेला आहे. काडी लावायला दोन मिनिटं लागतात.

“राखही खतच आहे की” असं बरेच जण म्हणतात. राखेत पालाश राहतो आणि स्फुरदही बराचसा राहतो, हे खरं आहे. पण नत्र जवळपास सगळं धुरातून जातं, गंधकाचा मोठा वाटा जातो आणि कर्ब तर सगळाच जातो. शिवाय राख उघडी पडलेली असते. वारा सुटला की बांधापलीकडे, पाट सोडला की चरात. जिथे पाचटाचा थर जाड असतो तिथे बुडखे भाजतात आणि त्या जागी नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, पडतात. वरच्या दोन-तीन बोटं मातीतले जिवाणू आणि गांडुळं मरतात ते वेगळंच.

हे काही नवं ज्ञान नाही. डॉ. रतन लाल यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. पंजाबातल्या छोट्या शेतकऱ्याच्या घरात १९४४ मध्ये त्यांचा जन्म झाला, फाळणीनंतर कुटुंब आजच्या हरियाणात आलं. लुधियानाला शेतीचं शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. १९७० पासून नायजेरियात इबादानच्या संशोधन केंद्रावर त्यांनी उताराच्या जमिनींवर प्रयोग केले. नांगरून उघडी ठेवलेली जमीन आणि पिकाच्या अवशेषांनी झाकलेली जमीन शेजारी-शेजारी ठेवून मोजमाप केलं. झाकलेल्या जमिनीतून वाहून जाणारी माती अगदी थोडी भरली. २०२० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पिकाचे अवशेष म्हणजे कचरा नव्हे, ते जमिनीला परत गेले पाहिजेत, हे त्यांनी आयुष्यभर लावून धरलं.

त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट आपल्याकडे निसटते, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. नुसता कर्ब जमिनीत टाकून ह्युमस (कुजून जमिनीत टिकून राहणारा काळा सेंद्रिय भाग) तयार होत नाही. ह्युमस तयार व्हायला कर्बाबरोबर नत्र, स्फुरद आणि गंधकही लागतं. ह्युमसमध्ये दहा-बारा भाग कर्बाला एक भाग नत्र असतं. उसाच्या पाचटात सत्तर ते नव्वद भाग कर्बाला एक भाग नत्र असतं. हा फरक कुठून तरी भरून निघावा लागतो. आपण तो भरला नाही, तर पाचट कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र उचलतात, म्हणजे खोडव्याच्या तोंडचं नत्र.

“पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला, पुन्हा त्या फंदात पडलो नाही” ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पाचट ठेवलं, पण त्यावर युरिया आणि सुपर (सिंगल सुपर फॉस्फेट) टाकलं नाही, पाणी उशिरा दिलं, म्हणून पिवळं पडलं. जिवाणूंनी उचललेलं नत्र कुठे पळून जात नाही. ते जिवाणू मरतात तेव्हा तेच नत्र पुन्हा मुळांजवळ मोकळं होतं. पण पहिले सहा-आठ आठवडे कोवळ्या फुटव्याला थांबता येत नाही. त्या काळाची सोय आपण करायची.

शिफारस सोपी आहे. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर. चार टन पाचट असलेल्या एकराला ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो कल्चर. सुपरमध्ये स्फुरदाबरोबर गंधकही आहे, म्हणून इथे डीएपीपेक्षा सुपरच घ्या. युरियाची ४५ किलोची गोणी सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे एकरी युरियाचा खर्च दोनशे रुपयांच्या आतच बसतो. “सेंद्रिय म्हणता आणि युरिया कसला टाकायला सांगता?” असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन की हा युरिया पाचटासाठी आहे. तो टाकला नाही तर त्याची किंमत ऊस मोजतो.

कल्चर कृषी विद्यापीठाचं, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचं, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं किंवा तुमच्या कारखान्याच्या ऊस विकास विभागाकडचं घ्या. मिळालं नाही म्हणून काम अडवू नका. ताज्या शेणाचा पातळ काला करून पाचटावर शिंपडा. हा काला शिफारशीच्या पुस्तकात सापडणार नाही, पण ज्यांनी केला त्यांचं पाचट मी काळं पडलेलं पाहिलं आहे. पौषातली थंडी जोर धरायच्या आत ज्या पाचटाला पहिलं पाणी मिळतं, ते कुजण्यात शेवटपर्यंत पुढे राहतं, असा माझा अंदाज आहे. थंडीत जिवाणू मंदावतात. म्हणून तोड झाल्यावर आठ दिवस वाट बघत बसू नका. पाणी आठवड्याने मिळणार असेल तर पाचट आज सरीत ओढून ठेवा, पण युरिया कोरड्या पाचटावर आधी टाकून ठेवू नका. तो पाण्याच्या दिवशीच टाका, नाहीतर त्यातलंही नत्र हवेत जाईल.

तोड झाल्यावरची कामं:

– वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणि बांड्या गोळा करून जनावरांना.
– बुडख्यांवर पडलेलं पाचट ओढून सरीत. बुडखे उघडे राहिलेच पाहिजेत, झाकले तर थंडीत फुटवा अडतो.
– बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटणे. छाटल्यावर कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारणी.
– सरीतल्या पाचटावर युरिया, सुपर, कल्चर सारखं पसरून लगेच पाणी.
– पाचट पायाने दाबून मातीला टेकवणे. कुट्टी यंत्र भाड्याने मिळत असेल तर बारीक करून घ्यावं. बारीक पाचट लवकर कुजतं.
– बगला फोडू नयेत, म्हणजे वरंब्याच्या कडा नांगराने मोडू नयेत.
– नांग्या रोपांनी भरणे.
– रासायनिक खत पहारीने, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ सेंटिमीटर खोल, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर.
– खोडव्याची सर्वसाधारण मात्रा हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश. माती परीक्षणाचा अहवाल हातात असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त.
– १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये.
– काणी किंवा गवताळ वाढ हे रोग जास्त असलेला फड खोडव्याला ठेवू नये.

खोडवा पिवळा दिसला की दुकानात पळू नका. आधी पान बघा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असतील तर ती नत्राची भूक आहे. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर तो केवडा, लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत तो हमखास येतो. त्याला हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यायचं, जोडीला जस्त कमी असेल तर २० किलो झिंक सल्फेट. दुकानदार या दोन्हींत फरक करत नाही. पिवळं पान दाखवलं की तो रंगीत चित्राची बाटली पुढे करतो. नत्राच्या भुकेवर सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी करून पैसा आणि पंधरा दिवस दोन्ही जातात.

आता त्या “कर्ब वाढवणाऱ्या” बाटल्यांविषयी. ह्युमिक, दाणेदार कार्बन, अमुक टॉनिक, तमुक बूस्टर. एक एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण आठशे टन भरते. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर त्या मातीत सुमारे आठशे किलो कर्ब टिकून राहावा लागतो. लिटरभर बाटलीत कर्ब किती असणार? पाव किलोही नाही. बाटलीने मुळाला थोडी चालना मिळत असेलही, पण तिने जमिनीचा कर्ब वाढतो असं जो सांगतो त्याला हा हिशोब दाखवा. पाचटातल्या दीड टन कर्बापैकीसुद्धा बहुतेक भाग जिवाणू हवेत सोडतात आणि दहा-वीस टक्केच जमिनीत मुरतो. म्हणून एका वर्षात चमत्कार नाही. चार-पाच वर्षं सलग पाचट ठेवावं लागतं. मध्ये एकदा जाळलं की त्या वर्षीची भर गेली आणि जमिनीतला जुना ह्युमस तर झिजतच राहतो.

युरिया हवा असेल तर सोबत हे घ्यावंच लागेल, असं लिंकिंग कुणी करत असेल तर पक्की पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीवर काही होत नाही.

माती परीक्षण करायचं तर तोड झाल्यावर, खत टाकण्याआधी. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घेऊन, वेगवेगळ्या ठिकाणची माती एकत्र करून नमुना द्या. अहवालात आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. ०.४० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.२० च्या खाली म्हणजे अत्यंत कमी. आकडा या दोन रकान्यांत असेल तर त्या रानात पाचट जाळणं म्हणजे जमीन उपाशी ठेवून वर तिच्याकडून टनेज मागणं.

पाचटामुळे हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उंदीर वाढतात अशी भीती असते. उंदरांचं खरं आहे, बिळं बघत राहा आणि बांध स्वच्छ ठेवा. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसात कडुनिंब, बाभळीवर येतात. तोवर पाचट बऱ्यापैकी कुजलेलं असेल तर मला तरी जाळलेल्या आणि न जाळलेल्या रानात फारसा फरक दिसलेला नाही. भुंगेरे मात्र त्या रात्रींत झाडं हलवून गोळा करायलाच हवेत, आणि सगळ्या शिवाराने मिळून. खोडकिडीसाठी जाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की आच्छादनाखाली कोळी आणि इतर मित्रकीटक राहतात. आगीत तेही जातात.

टोळीशी बोलणी तोडीच्या आधी करा. पाचटात कोयता चालवायला त्रास होतो, साप-विंचवाचं भय असतं, म्हणून उभा ऊस पेटवून तोडायला टोळ्या तयार असतात. त्यांची अडचण खरी आहे. पण जळिताच्या उसाला कारखाना कपात लावतो आणि तुमचं पाचटही जातं. मुकादमासमोर स्पष्ट सांगा, पाला सरीत राहील अशी तोड ठरवून घ्या. शेजाऱ्याच्या फडाला आग लागली तर ती तुमच्यापर्यंत येऊ नये म्हणून बांधालगत चार-पाच फुटांचा पट्टा मोकळा ठेवा आणि विजेच्या तारांखालच्या सऱ्यांना सगळ्यात आधी पाणी द्या. सध्या रान इतकं कोरडं आहे की ठिणगी पुरे.

ज्यांचं यंदा आधीच जळालं आहे त्यांनी राख उडण्याआधी हलकं पाणी द्यावं. राखेवर भरवसा ठेवून पालाश बंद करू नये, माती परीक्षणाचा आकडा बघूनच कमी करावा. नत्र पूर्ण द्यावं. कारखान्याकडून कुजलेली प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारी मळी) मिळत असेल तर ती आणून बुडख्यांच्या बगलेत टाकावी. सरी रुंद असेल, साडेचार-पाच फुटांची, तर मधल्या जागेत ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्यात, फुलावर येण्याआधी, कापून सरीत दाबावा. लगेच पाणी द्यावं.