राजमा आणि भाज्यांचं सूप करताना या चुका टाळा

राजमा, गाजर, फरसबी, पालक, टोमॅटो, मीठ, पाणी असं सगळं कुकरमध्ये घालायचं आणि चार-पाच शिट्ट्या काढायच्या. घरोघरी असंच सूप होतं आणि बहुतेक वेळा तिथेच बिघडतं. भिजलेल्या राजम्याला कुकरमध्ये वीसेक मिनिटं लागतात, गाजर-फरसबीला उघड्या पातेल्यात दहा मिनिटं पुरतात आणि पालक तर दोन मिनिटांत होतो. एकत्र शिजवलं की भाज्यांचा लगदा होतो, राजमा मात्र दाताखाली टणकच लागतो. म्हणून राजमा आधी, वेगळा. चार जणांना अर्धी वाटी कोरडा राजमा पुरे.

राजमा शिजतच नाही

पहिला संशय टोमॅटोवर घ्या. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे कितीही शिट्ट्या काढा, दाणा मऊ पडत नाही. टोमॅटो, कोकम, लिंबू, जे काही आंबट घालायचं ते राजमा दोन बोटांत सहज चेपला जाऊ लागल्यावरच घाला. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही असंच आडवं येतं. तिथे भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी वापरा, नुसतं गाळून कॅल्शियम जात नाही.

मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही असं अनेकजण सांगतात. प्रत्यक्षात भिजवणाच्या पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर साल लवकर मऊ होते. खायच्या सोड्याने राजमा झटपट शिजतो हे खरं, पण बी १ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि सुपाला साबणासारखी चव येते. पौष्टिक म्हणून सूप करायचं आणि त्यात सोडा घालायचा, याला काही अर्थ नाही. एवढं सांभाळूनही दाणा टणकच राहिला, तर राजमा जुना आहे. दमट हवेत खूप दिवस पडून राहिलेला दाणा नीट शिजत नाही, तेव्हा नवा आणा.

अर्धकच्चा राजमा चालवून घेणं

ही मात्र चवीची चूक नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं एक प्रथिन, असतं आणि लाल राजम्यात ते भरपूर असतं. अर्धवट शिजलेले थोडेसे दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा किमान ५ तास, शक्यतो रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या (त्याबरोबर पोटात गॅस करणारी थोडी साखरही जाते), नवं पाणी घाला आणि दाणा पुरता मऊ होईपर्यंत शिजवा. उघड्या पातेल्यात शिजवत असाल तर सुरुवातीला किमान १० मिनिटं खळखळून उकळी हवीच. स्लो कुकर (मंद आचेवर कित्येक तास शिजवणारं विजेचं भांडं) वापरणाऱ्यांनी विशेष जपावं. पाणी उकळलंच नाही, ८० अंशांपर्यंतच तापलं, तर हे लेक्टिन नष्ट होत नाही, उलट राजमा कच्च्याहून जास्त बाधू शकतो. तेव्हा आधी गॅसवर उकळून घ्या आणि मगच त्यात घाला. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, त्याचं फक्त खारट पाणी धुऊन टाका.

एप्रिल-मेमध्ये ओट्यावर भिजवलेल्या राजम्याला सकाळी फेस आणि आंबूस वास येतो. त्या दिवसांत भांडं फ्रिजमध्ये ठेवा.

दुधी न चाखता घालणं

दुधी घालणार असाल तर कच्ची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही.

सूप पाणचट लागतं

इथे हात लगेच मसाल्याच्या क्यूबकडे किंवा कॉर्नफ्लोअरकडे जातो. क्यूबमध्ये मुख्यतः मीठच असतं. त्याऐवजी राजमा ज्यात शिजला ते पाणी सुपात वापरा आणि पळीभर दाणे ठेचून परत घाला, छान दाटपणा येतो. कांदा, लसूण, गाजर आधी चमचाभर तेलात परता. गाजरातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागतेच. चव तरीही बोथट वाटली तर मिठाआधी लिंबू पिळून पाहा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे राजम्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. लगेच वर चहा मात्र नको, तो हेच शोषण कमी करतो.

मीठ जास्त झालं तर बटाट्याची फोड टाकून फारसं काही होत नाही. पाणी आणि बिनमिठाचे शिजलेले दाणे वाढवा.

मिक्सरमध्ये गरम सूप काठोकाठ भरू नका. वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. थोडं निववून, अर्धंच भांडं भरून फिरवा. नंतर गाळू नका, चोथा म्हणून जे टाकाल ते तंतूच तर हवे असतात.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेलं दिसेल. गरम पाणी घालून सैल करा आणि चांगली उकळी आणा.