ठिबकच्या टाकीत खत फाटू नये म्हणून

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत १२:६१:०, ०:५२:३४ (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश यांचे टक्के) आणि कॅल्शियम नायट्रेट यांच्या पाळ्या एकमेकींना लागून येतात. वेळ वाचवायला स्फुरदाचे खत आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत ओतले की पाणी दुधाळ होते. कॅल्शियमने स्फुरदाला धरून कॅल्शियम फॉस्फेटचा साका केलेला असतो. एवढे महागाचे स्फुरद मग मुळाऐवजी फिल्टरच्या जाळीवर आणि ड्रीपरच्या वाटेत बसते.

कॅल्शियम नायट्रेटसोबत ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) किंवा मॅग्नेशियम सल्फेट घातले तर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट बनते, आणि ते जास्त वाईट. फॉस्फेट आम्लाने निघते, जिप्सम आम्लाला फारशी दाद देत नाही. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) मात्र कॅल्शियम नायट्रेटसोबत चालते, दोन्ही नायट्रेटच. बाकी कॅल्शियमचा दिवस वेगळा ठेवा.

शंका असेल तर पारदर्शक बाटलीत १ लिटर पाणी घ्या, पण आपल्याच बोअरचे. जड पाण्यात नुसते स्फुरदही गढूळ होऊ शकते. २०० लिटर टाकीत ५ किलो टाकणार असाल तर बाटलीत २५ ग्रॅम. एक खत पूर्ण विरघळले की दुसरे टाका. दोन तासांत ढगाळले किंवा तळाशी काही बसले, तर ती जोडी टाकीत नको.

०:०:५० मुळातच सावकाश विरघळते. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ११० ग्रॅमच्या आसपास मर्यादा आहे. व्यवहारात २०० लिटरला १० किलोच्या वर जाऊ नये. १३:०:४५ विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेते, बादलीला बाहेरून हात लावला तरी गार लागते. निफाडकडच्या थंडीत सकाळी सहाला गोणी रिकामी केली की निम्मे खत तळाशी खडे होऊन पडते. दहानंतर, थोडे थोडे टाकून ढवळा. खताआधी आणि नंतर २०-२० मिनिटे साधे पाणी सोडा.

ड्रीपर तुंबलेच असतील तर आधी एक काढून बघा. लिटरभर पाण्यात १० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्यात बुडवा. बुडबुडे आले तर चुनखडी, बुडबुड्यांविना थर विरघळला तर फॉस्फेट, ढिम्म राहिला तर जिप्सम किंवा गाळ. पहिल्या दोन्हींतच आम्लप्रक्रियेचा खर्च करा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. क्लोरीनही त्याच वेळी सोडू नका, विषारी वायू सुटतो. शेवटी लॅटरलची, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची, टोके उघडून पाणी नितळ येईपर्यंत सोडा.