हलत्या चित्रांच्या कार्यशाळेपूर्वीची तयारी

मुलांना बोलावण्यापूर्वी प्रत्येक खेळणे आयोजकाने स्वतः एकदा करून पाहावे, कारण हे सोपे दिसणारे खेळ दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने फसतात आणि चित्र हलले नाही की मुलांना आपलीच चित्रकला वाईट वाटू लागते. कोणा मुलाला अपस्माराचा त्रास आहे का, हेही पालकांना आधीच विचारावे. फिरत्या चकतीच्या फटींतून प्रकाश लुकलुकतो आणि त्याने काहींना झटका येऊ शकतो, म्हणून असे मूल असल्यास तो खेळ वगळावा.

सुरुवात पोपट-पिंजऱ्याने करावी, म्हणजे एका बाजूला पोपट आणि दुसऱ्या बाजूला पिंजरा काढलेला कागद, जो कडांच्या भोकांतल्या रबरबँडांनी भरभर फिरवला की पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. १८२५च्या सुमारास लंडनमध्ये विकल्या जाणाऱ्या या खेळण्याला जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद आणि दोन रबरबँड पुरतात. डाव्या-उजव्या कडांची भोके समोरासमोर असावीत आणि मागचे चित्र पुढच्याच्या मानाने उलटे, म्हणजे डोके खाली, काढलेले असावे.

खरी मेहनत आरशासमोरच्या चकतीची आहे. हालचालीची क्रमाने काढलेली चित्रे आरशाकडे करून ही चकती फिरवायची आणि मागून तिच्या फटींतून आरशात पाहायचे, की चित्र हलताना दिसते. १८३२ साली बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी ती तयार केली आणि जवळपास त्याच वेळी व्हिएन्नात सायमन स्टॅम्फर यांनीही. वीस सेंटिमीटर व्यासाचे पुठ्ठ्याचे वर्तुळ घेऊन कोनमापकाने तीस-तीस अंशांचे बारा भाग पाडावेत आणि प्रत्येक रेषेवर कडेपासून आत दोन सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर रुंद फट कापावी. कटर मुलांच्या हाती न देता फटी मोठ्यांनीच आदल्या दिवशी कापून ठेवाव्यात. फट रुंद झाली तर चित्र पुसट होते, फार अरुंद झाली तर अंधारते. डोळ्याकडची बाजू काळी रंगवलेली असावी, कारण पांढऱ्या पुठ्ठ्याच्या उजेडात आरशातले चित्र फिके पडते. मध्यभागी टाचणी खोचून ती पेन्सिलीच्या खोडरबरात रोवावी. चकती अडखळत असेल तर भोक किंचित मोठे करावे. आरसा भिंतीला टेकवून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि भरपूर उजेडात हवा.

पाने फडफडवून पाहायच्या चित्रवहीसाठी पातळ कागदाची चोवीस पाने चिमट्याने घट्ट धरावीत. चित्रे शेवटच्या पानापासून काढावीत, म्हणजे खालचे चित्र वरच्या पानातून दिसते.

मोबाइलवरच्या चित्रफितीसाठी सेकंदाला बारा छायाचित्रे धरल्यास दहा सेकंदांना एकशे वीस लागतात, म्हणून गोष्ट छोटीच ठरवावी. मोबाइल तिवईवर पक्का बसवावा, पडदे ओढून एकाच दिव्याचा उजेड ठेवावा आणि फोन येऊ नयेत म्हणून विमान मोड लावावा. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चित्र टिपून दाखवली होती, तसे करायचे असेल तर भिजवलेले वाटाणे कार्यशाळेच्या दहा-बारा दिवस आधी कुंडीत पेरावेत आणि रोज ठरलेल्या वेळी, कुंडी जागची न हलवता, छायाचित्रे घेत राहावे.