मंजिरी खुडायच्या आधी

मधमाश्यांसाठी रानतुळस लावायची तर पहिलं काम बी ओळखायचं. मी तिथंच फसलो होतो. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर होतो तेव्हा येता-जाता एका पडीक प्लॉटात तुळशीसारखं झाड दिसायचं. पान चुरगाळलं की दणकून वास. वाळल्यावर बी खिशात घालून आणलं, वाटीभर पाण्यात टाकलं, सब्ज्यासारखं फुगलं, म्हटलं झालं. पुढच्या श्रावणात घरामागं डोक्याएवढी झाडी! ती विलायती तुळस निघाली. फुगतं तिचंही बी. ती उपटण्यात दोन पावसाळे गेले.

म्हणून पाण्याचा नाद सोडा, चिमटीनं बघा. विलायतीच्या फुलाखालच्या हिरव्या वाटीला पाच ताठ टोकं असतात, दाबली की टोचतात. फुलं निळसर-जांभळी, पानं रुंद. रानतुळस साधारण गुडघ्याएवढी, पान अरुंद, फूल बारीक, पांढरं नाहीतर किंचित गुलाबी, आणि वाटी टोचत नाही. गंमत बघा, झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1755 साली हिला ओसिमम अमेरिकानम नाव दिलं, आणि ही मूळची आफ्रिकेची नि आपल्या उपखंडाची. खरी अमेरिकेची ती दुसरी, विलायती!

बी दिवाळीनंतर धरायचं. मंजिरी तपकिरी झाली की कागदावर झटकायची. फुलाच्या एका वाटीत चारच बिया. माळावर, बाभळी-बोरीच्या आडोशाला, शेताच्या बांधावर झाड सापडतं. नान्नजच्या अभयारण्यातनं मात्र काही उचलून आणू नका.

नुसत्या काळ्या मातीत लावू नका, पावसात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन घमेली मुरूम, एक घमेलं काळी माती, मूठ-दोन मूठ शेणखत, बास. जास्त खत दिलं की पानंच माजतात. मृगाच्या पहिल्या सरीला घाई नको, आर्द्रा-पुनर्वसूत जमीन मुरली की बी वाळूत मिसळून वरच्यावर फेकायचं आणि हातानं नुसतं दाबायचं. खोल गेलं तर उगवत नाही. रोपं बोटभर झाली की वीतभर अंतरानं विरळ करा. आमच्याकडं नळाचं पाणी रोज येत नाही, पण हिला त्याचं काही नाही. उत्तरा-हस्ताच्या पावसावर फुलून येते.

आता खरी भानगड इथं सुरू होते. आमच्या घरात तुळस म्हटलं की मंजिरी खुडायची, त्यानं झाड फुटतं आणि पांडुरंगाच्या हाराला मंजिरी लागतेच. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, "अहो, मंजिरी वाळून चालल्यात की, खुडू का?" म्हटलं, वृंदावनातली खुड, मागच्या वाफ्याला हात लावू नको.

कारण माश्या येतात त्या मंजिरीवर. फुलोरी माशी, सातेरी, कधी आग्यासुद्धा. पण मी वाट बघतो ती निळ्या पट्ट्यांच्या माशीची. पोटावर निळे पट्टे, लांब जीभ, आणि मागावरचा धोटा जसा इकडनं तिकडं सटकतो तशी फुलावरनं फुलावर. सकाळी नऊच्या आत बसा, हलू नका. रानतुळशीचे पुंकेसर फुलाच्या खालच्या ओठावर पडलेले असतात, त्यामुळं माशी रस प्यायला टेकली की पराग तिच्या पोटाला लागतो. हीच माशी वांग्याच्या फुलाला धरून अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. वाफ्याशेजारी दोन वांगी लावा, बघायला मिळेल.

ही पोळं करत नाही. प्रत्येक मादी मातीत आपलं बीळ कोरते. गावाकडच्या आमच्या माळवदाच्या घराची पांढऱ्या मातीची भिंत अशा भोकांनी चाळणी झालेली असायची. आई शेणानं लिंपून ती बुजवायची आणि माश्या पुन्हा कोरायच्या. शहरात सगळं सिमेंट. मी पडक्या भिंतीची माती आणली, भिजवून तेलाच्या चौकोनी डब्यात ठासून भरली, वाळायच्या आधी पेन्सिलीनं बोटभर खोल आठ-दहा भोकं पाडली, आणि डबा आडवा करून पूर्वेकडं तोंड करून पत्र्याखाली ठेवला. पाऊस लागता कामा नये. सिमेंट मिसळू नका, कोरता येत नाही. पहिलं वर्ष डबा रिकामा राहिला. दुसऱ्या वर्षी तीन भोकांत ये-जा दिसली.

फवारणी कसलीच नको, शेजारच्या गुलाबावरही फुलोऱ्यात नको. मावा किडीला साधा पाण्याचा फवारा पुरतो.

दिवस मावळल्यावर एकदा बॅटरी घेऊन वाफ्याकडं जा. निळ्या पट्ट्यांचे नर जबड्यानं काडी धरून तिथंच झोपतात, कधी एकाच काडीवर ओळीनं चार-पाच. म्हणून वाळली म्हणून झाडं लगेच उपटायची नाहीत. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली, बी झटकून झालं, की कापायची, तीही बुडातनं नाही. हातभर खुंट ठेवायचे. बारक्या काळ्या माश्या मोडक्या काडीचा गाभा पोखरून त्यात घर करतात.